दीर्घ ऊ

८ जानेवारी

धाकटे,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं आहे. खोडल्याची खूण मुद्दाम ठेवली आहे. लिहिलं होतं हे तुला कळावं, आणि खोडलं हेही.

विचारपूस करायला लिहीत नाही. तू बरी आहेस हे मला रोज दिसतं. चष्म्याचा नंबर तपासायला जो येतो त्याच्या फोनमध्ये तू असतेस. मागे पुस्तकांचं कपाट, पुढ्यात वाफाळता कप, आणि हसू असं की दातांच्या डॉक्टरने जाहिरातीला घ्यावं. कपाटातली पुस्तकं तू रंगांप्रमाणे लावली आहेस, निळी एकीकडे, पिवळी एकीकडे. यातून हवं ते पुस्तक हिला सापडतं कसं, असं मी एका गिऱ्हाइकाला विचारलं. ती बाई म्हणाली, शोधायचंय कशाला, छान दिसतंय ना. तीच बाई माझ्याकडून बिननंबरी चष्मा घेऊन गेली. हल्ली हे चष्मे फार खपतात. डोळे ठणठणीत असतात, पण फोटोत वाचणाऱ्यासारखं दिसायचं असतं, म्हणून मी जाड काळ्या फ्रेमीत साध्या काचा बसवून देते. तुझ्या कृपेने माझंही दुकान चाललंय, आणि त्याचीच मला जास्त शिसारी येते.

आणि ते नाव. वाचनताई. तू माझ्या पाठीवर झालीस म्हणून मी ताई झाले. तुझ्या पाठीवर कोण झालं होतं ग?

असो. कामाचं एवढंच आहे: बाबांना जाणारा तो निरोप बंद कर. बंद करता येत नसेल, तर एक तरी स्वतःच्या हाताने लिही.

नीट सांगते, नाहीतर म्हणशील ताई नेहमीसारखी अर्ध्यातून भांडायला लागली. बाबा हल्ली दुपारी माझ्याबरोबर दुकानात असतात. घरी एकटं ठेवायची सोय राहिली नाही, गॅसवर भांडं चढवून विसरतात. अक्षरांच्या तक्त्याशेजारची खुर्ची त्यांची. मध्ये एका गिऱ्हाइकाच्या फोनमधून तुझा आवाज आला आणि त्यांनी मान वर केली. म्हणाले, ही आमची धाकटी. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तुझा विषय निघाला, आणि तोही परक्यापुढे. ते गिऱ्हाईक इतकं भारावलं की त्याने तिथल्या तिथे बाबांच्या फोनवर तुझं ते दिव्यांचं अ‍ॅप टाकून दिलं. मी आत काचा घासत होते, नाहीतर त्याला फ्रेमसकट बाहेर काढला असता.

तेव्हापासून घरात दिवे लागलेत. पान उलटलं की फोनला बोट लावायचं. वीस पानं झाली की दिवा पेटतो. एक दिवस चुकला की आधीचे सगळे विझतात, आणि तुझा रडका चेहरा दिसतो. बाबा पूर्वीपासून जिभेला बोट लावून पान उलटतात. तेच ओलं बोट ते फोनवर टेकवतात. फोनला ते कळत नाही. मग सदऱ्याला फोन पुसायचा, बोट पुसायचं, पुन्हा टेकवायचं. एवढ्या कारभारात वाचायला सवड कुठली?

दिवा पेटला की निरोप येतो: 'शाब्बास! आजचा दिवा पेटला. ऊद्या पुन्हा भेटू. — तुमची वाचनताई.'

पहिला आला तेव्हा फोन दोन्ही हातांत धरून, भरली ताटली सांडू नये अशा बेताने, ते काउंटरपाशी आले. म्हणाले, "धाकटीचं आलंय."

मी निरोप वाचला. तू जगाला आदराने 'तुमची' लिहितेस, आणि आपण दोघी बापाला 'तुम्ही' म्हणत वाढलो. एका शब्दात तुझा धंदाही बसला आणि त्यांची मुलगीही. त्यांनी 'तुमची'वर बोट ठेवून दाखवलं मला. ओलंच बोट. पुसलं नाही त्या वेळी.

जाता जाता, तुझ्या पदरी एवढी माणसं आहेत, त्यांतल्या एकालाही 'उद्या' लिहिता येत नाही? शाळेत असताना शुद्धलेखनात तू दर वेळी 'ऊद्या' लिहायचीस. बाबा लाल पेन्सिलीने ऊचं शेपूट खोडायचे आणि तू वाद घालायचीस की उद्या यायला किती वेळ लागतो, म्हणून दीर्घ. आई भाजी निवडता निवडता म्हणाली होती, मग परवा काय दोन ओळींत लिहिणार आहेस का? तू चिडून वहीवर पालथी झोपलीस. आई गेली, वही गेली, तू गेलीस. शेपूट तेवढं राहिलं.

उत्तर नको. सांगितलं ते कर.

ताई (मूळची)


२३ जानेवारी

धाकटे,

हे पत्र तुझ्या ऑफिसातल्या मुलीने उघडलं असेल तर, बाई, इथेच थांब. पुढे घरच्या शिव्या आहेत.

उत्तर मिळालं. गुळगुळीत कार्ड, त्यावर उघडं पुस्तक आणि उडती पाखरं. 'आपला वाचनप्रवास आमच्यासाठी मोलाचा आहे.' सोबत भेट म्हणून एक वाचनखूण, रेशमी गोंड्याची. मी माझ्या बहिणीला भांडणाचं पत्र लिहिलं आणि मला गोंडा आला. तो मी फ्रेमी मोजायच्या पट्टीला बांधला आहे.

तरी एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण परवा एका गिऱ्हाइकाने तुझं पान दाखवलं. त्यावर फुलांच्या चौकटीत: 'तेव्हापासून घरात दिवे लागलेत. — एका वाचकाची मुलगी.'

माझं वाक्य. तांदळातून खडा निवडावा तसं शिव्यांमधून निवडून काढलंत. धन्य आहे तुमची. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तुझे भावोजी म्हणाले, बघ, छापून आलीस की नाही शेवटी. ते वाचत नाहीत, आणि वाचत नाही असं सांगतातही. घरात तेवढा एकच सरळ माणूस आहे.

बाबांना मी दाखवणार नव्हते, पण त्यांना तुझं पान आता उघडता येतं. चौकट त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, माझं नाव नाही घातलं तिनं, बरं केलं, मला ते आवडलं नसतं हे तिला ठाऊक आहे. तुझा समजूतदारपणा ते असा कुठूनही शोधून काढतात. कचऱ्यातून सुई शोधावी तसा.

आता मुद्द्याचं. बाबा वाचत नाहीत.

तू म्हणशील दिवे तर सगळे पेटलेत. पेटलेतच. डोळ्यांचा नंबर मी स्वतः तपासला, होता तोच आहे, काच स्वच्छ आहे. पण मी इतकी वर्षं माणसांच्या डोळ्यांसमोर बसते आहे. वाचणाऱ्याचे डोळे ओळीवरून सरपटत नाहीत, ते टुणटुण उड्या मारतात आणि ओळ संपली की झटक्याने मागे येतात. बाबांचे डोळे पानावर ठेवलेले असतात. टेबलावर वस्तू ठेवावी तसे. थोडा वेळ गेला की पान उलटतात, बोट लावतात. मी विचारलं, काय चाललंय गोष्टीत? म्हणाले, कळेल पुढे. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेच. पुढे कळेल.

हा तो माणूस आहे का, सांग. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्यांनी नोकरी काढली, डबा घेऊन तू जायचीस, तुला आठवत असेल. पंपांचा एवढा आवाज, की शेजारचा काय म्हणतो कळू नये, आणि ते स्टुलावर बसून वाचत असायचे. मध्येच उठून दाबाचा काटा बघायचा, व्हॉल्व्ह फिरवायचा, परत येऊन बसायचं. आणि परत आले की दोन पानं मागून सुरू करायचं. कधी खूण घातली नाही त्यांनी. म्हणायचे, उठलेल्या माणसाने दोन पानं मागून यावं, म्हणजे गोष्ट आपल्याला ओळखते. आई म्हणायची, अशाने हे पुस्तक तुमच्या पेन्शनीला संपेल. पुस्तकं संपायची मात्र. आणि काय वाचलंय ते त्यांना वर्षांनी विचारा, सांगायचे.

विसरायला लागल्यावर तर त्या दोन पानांवरच त्यांची भिस्त होती. सकाळचं संध्याकाळी आठवेना, पण दोन पानं मागून आले की हळूहळू लागायचं पुढचं. आंधळ्याने भिंत चाचपत यावं तसे यायचे. येत होते पण.

आणि तू काय शिकवतेस जगाला? मी तुझा तो भाग मुद्दाम बसून पाहिला. 'मागे वळू नका. मागे वळणारा वाचक मागेच राहतो.' हात हवेत असा फिरवतेस की माशी हाकलावी. ते त्यांनी ऐकलं. मी म्हणाले, बाबा, दोन पानं मागून घ्या की. तर म्हणाले, "धाकटी नको म्हणते. मागची पानं धरत नाहीत दिव्यात."

जन्मभर स्वतःच्या मर्जीने वाचलेला माणूस, आणि आता तुझ्या यंत्राची शाब्बासकी यावी म्हणून कोऱ्या डोळ्यांनी पानं उलटतो. याला तू वाचनाची सवय म्हणतेस. मी याला काय म्हणते ते लिहिलं तर पुन्हा फुलांची चौकट काढाल.

तुमचं दोघांचं का बिनसलं ते मी विसरले नाही. तू पहिलं पुस्तक घेऊन आलीस, वाचावं कसं याचं पुस्तक, आणि ते म्हणाले, चावायचं कसं हे शिकवायला कोणी जेवण वाढतं का? तू म्हणालीस, पंपावर बसून एवढं वाचलंत, पंपाच्या पुढे गेलात का कुठे? दोघेही आपापल्या वाक्यावर खूष होता. मी मध्ये पोळ्या घेऊन उभी. त्यानंतर तू आली नाहीस आणि त्यांनी बोलावलं नाही. दोन हुशार माणसं घरात असली की तिसऱ्याने पोस्टमन व्हावं लागतं.

मी ती नोकरी मागितली नव्हती.

ताई


११ फेब्रुवारी

धाकटे,

तुझ्या नावाचे बॅनर आमच्या रस्त्यावर खांबाखांबाला लागले होते. 'वाचनताई तुमच्या भेटीला.' तारीख कालची. परवा संध्याकाळी बाबांचा दिवा पेटला, रोजचा निरोप आला, 'ऊद्या पुन्हा भेटू', आणि त्यांनी फोन खिशात ठेवून बाहेर बॅनरकडे पाहिलं. पुन्हा फोन काढून वाचला. मला म्हणाले, उद्या दुकान बंद ठेव.

आता बोल.

मी त्यांना तिथेच सांगायला हवं होतं असं तू म्हणशील. तुझी खासियतच आहे, लांबून सांगणं. त्यांनी सकाळी स्वतः दाढी केली. एकही कापलं नाही. गळ्यापर्यंत बटणं लावली. तू शेवटची आलीस तेव्हा घरी विसरून गेलेला तुझा पंजा, केस बांधायचा, तो त्यांनी रुमालात बांधून बरोबर घेतला. माझ्या घरात तो चार वर्षं होता आणि मला ठाऊक नव्हतं.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तरही आले, कापडी पिशवी फुकट मिळते म्हणून. सभागृहाच्या दारात तुझ्या मुली उभ्या होत्या. प्रत्येकाचा फोन घेऊन आधी अ‍ॅप टाकत होत्या, मग आत सोडत होत्या. वैद्यकीय तपासणीसारखं. पोस्टमास्तर म्हणाले, मला वाचायचं नाही, पिशवी हवी आहे. मुलगी म्हणाली, काका, वाचायची सक्ती नाही, टाकून ठेवा. माझ्याही फोनवर टाकलं. आत एक पुठ्ठ्याचं पुस्तक होतं, माणसाएवढं, त्याला भोक. भोकातून तोंड काढायचं आणि फोटो घ्यायचा. रांग लागली होती. माझी दोन गिऱ्हाइकं होती त्यात, बिननंबरी चष्मे लावून. मला ओळखून त्यांनी तोंड आत घेतलं.

आम्ही मधल्या रांगेत बसलो. दिवे मंद झाले, पडदा उजळला आणि पडद्यावर तू आलीस. तेच कपाट, तोच कप. बाबांनी मान उंचावून पडद्याच्या कडेला पाहिलं. मग दुसऱ्या कडेला. म्हणाले, मागे असेल.

तू स्वतः येणार नाहीस हे बॅनरवर लिहिलेलं होतं म्हणे, तळाला, बारीक अक्षरांत. चष्मेवाल्या बाईला दिसलं नाही, यात हसण्यासारखं बरंच आहे. मला सवडीने हसू येईल.

तू काय बोललीस ते मी ऐकलं नाही, मी बाबांकडे बघत होते. ते ऐकत होते. हातातला रुमाल सैल केला होता. शेवटी तू म्हणालीस, चला, आता सगळ्यांनी मिळून एक पान वाचू या, आज एका पानालाच दिवा, आणि पिशवीतली चोपडी सगळ्यांना उघडायला लावलीस. एवढं मोठं सभागृह, कागद वाजला नुसता. लोकांनी पान उघडलं, फोटो घेतला, उलटलं, बोट लावलं. शाळेत कवायत करतात तसं. आणि मग एकदम सगळीकडून टिंग.

पुढून, मागून, माझ्या पर्समधून. टिंग. टिंग. पोस्टमास्तरांनी नुकतंच अ‍ॅप टाकलेला फोन कानाला लावून पाहिला, मग चष्मा वर करून मोठ्याने वाचलं. त्यांना हळू वाचताच येत नाही, आयुष्यभर खिडकीतून पत्ते वाचले. "शाब्बास. आजचा दिवा पेटला. ऊद्या पुन्हा भेटू. तुमची वाचनताई."

बाबांनी त्यांच्या हातातून फोन घेतला. वाचला. स्वतःचा काढला, वाचला. मग पुढच्या खुर्चीवरच्या बाईच्या खांद्याला हात लावून म्हणाले, जरा बघू. ती घाबरली, पण दाखवला तिने. ते आणखी दोघांचे मागणार होते, मी हात धरला.

"सगळ्यांना," ते म्हणाले.

मी म्हणाले, "हो बाबा."

पोस्टमास्तरांना कळेना काय झालं. त्यांनी आपली पिशवी बाबांच्या मांडीवर ठेवली, घ्या, तुम्हाला घ्या, मला काय करायची. भला माणूस. मला तेव्हा त्या सगळ्या सभागृहाची इतकी किळस आली, त्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाची, भोकातल्या तोंडांची, पडद्यावर थिजून हसत राहिलेल्या तुझ्या मोठ्या थोरल्या चेहऱ्याची, की उठून पडद्यावर काहीतरी भिरकावावं. हाताशी चोपडी होती. भिरकावली नाही. तुझा चेहरा बाबा बघत होते अजून.

घरी येताना ते पुढे चालत होते. मी बोलत होते. मी बरंच बोलले तुझ्याबद्दल, धाकटे, त्यातलं एकही मागे घेत नाही. यंत्र आहे, मुलगी नाही, असं म्हणाले. तिला तुम्ही जिवंत आहात हे ठाऊक असण्याचं काही कारण नाही, असंही म्हणाले. चौकातल्या कठड्याशी ते थांबले, श्वास घ्यायला. फोन काढला, हात लांब करून धरला.

"ऊ दीर्घ आहे," ते म्हणाले.

मी म्हणाले, बाबा, सगळ्यांना दीर्घच गेलाय.

"तेच म्हणतोय. यंत्राला शुद्धलेखन येतं. ऑफिसातल्या माणसालाही येतं. एवढी माणसं रोज वाचतात आणि कोणी दुरुस्त करायला धजलं नाही, म्हणजे हे मुळात तिनं स्वतः लिहिलेलं आहे. सगळ्यांसाठी लिहिलं असेल. पण लिहिलं तिनंच."

मग फोन बंद करून त्यांनी माझ्या पर्समध्ये टाकला. म्हणाले, हे काढून टाक त्यातून, बोट दुखतं.

पंजा परत आणला आहे. तुझा आहे, हवा असेल तर ये आणि ने. पोस्टाने पाठवणार नाही.

ताई


९ मार्च

धाकटे,

या खेपेचं पाकीट तुझ्या घरच्या पत्त्यावर. पत्ता कसा काढला ते पोस्टमास्तरांना विचार, ते सांगणार नाहीत.

दिवे विझले. त्या रात्रीच मी अ‍ॅप काढलं, तुझा रडका चेहरा आला, 'आम्ही काही चुकलो का?' असं विचारत. त्याला उत्तर देण्याइतकी जागा तिथे नव्हती.

बाबा पुन्हा वाचतात. खरं वाचतात, डोळे उड्या मारतात. अ‍ॅपच्या नादात ज्या पुस्तकाची पानं उलटली होती त्यातलं काहीच त्यांना आठवत नव्हतं, म्हणून ते मिटून ठेवलं आणि नवं काढलं. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मोठ्याने वाचतात. डोळ्यांबरोबर कान लावला की सुटत नाही म्हणतात. दोन पानं मागून सुरुवात. पहिले काही दिवस गोष्ट सरकली. मग सरकायची थांबली.

कारण असं की ते दोन पानं मागे येतात, तेवढी दोन वाचतात, आणि थकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन पानं मागे. म्हणजे रोज तीच. गेला आठवडाभर आमच्या दुकानात तीच दोन पानं चालू आहेत. एक बाई जिना चढून येते. हातात ओली छत्री. ती छत्री कुठे टेकवावी याचा विचार करते, मग भिंतीला टेकवते, मग ती घसरते, मग पुन्हा टेकवते. लेखक भिकार आहे, छत्रीच्या पलीकडे त्याला काही सुचत नाही. मग ती दार वाजवते. आतून कोणीतरी विचारतं, कोण आहे? पान संपतं.

मला ती पानं पाठ झाली आहेत. नंबर तपासताना परवा मी एका माणसाला 'खालची ओळ वाचा'ऐवजी 'छत्री टेकवा' म्हणाले. गिऱ्हाइकं पण थांबतात. एक जण तयार चष्मा घेऊन गेला होता, तो काडी सैल आहे म्हणून परत आला आणि दाराशी उभं राहून विचारलं, उघडलं का तिनं दार? काडी चांगली घट्ट होती. रोज नेमाने, एकाच जागी बसून, फोन न बघता वाचन ऐकणारी या घराण्यात मी एकटी उरले आहे. हे तू चौकटीत घालू शकतेस.

मी म्हणाले, बाबा, पुढचं पान मी वाचते. वाचल्या दोन ओळी. त्यांनी हात वर केला. म्हणाले, तू तक्ता वाचल्यासारखं वाचतेस, मोठी अक्षरं मोठ्याने आणि लहान अक्षरं हळू. पुस्तक काढून घेतलं. त्या दोन ओळींत मी इतकी उच्चाराकडे लक्ष देत होते की दारामागे कोण होतं ते मला कळलं नाही. नंतर पान उलटून बघू शकले असते. बघितलं नाही. का, ते विचारू नकोस.

काल दुपारी ती बाई पुन्हा दाराशी येऊन थांबली आणि बाबांनी पुस्तक मांडीवर पालथं घातलं. म्हणाले, "मला ठाऊक आहे."

मी म्हणाले, काय?

"की मी इथंच घुटमळतोय. रोज वाटतं पहिल्यांदा वाचतोय, पण तुझं तोंड बघून कळतं." पुस्तकावर हात ठेवला. "मला मागे येता येतं. पुढे कोणी न्यायला हवं. धाकटीला बोलाव. तिला मागे वळायचं नसतं ना, तर ती नेईल."

असं आहे. ज्या वाक्यावर मी तुला फाडून खाल्लं, त्याच वाक्यासाठी त्यांना तू हवी आहेस. ते दोन पानं मागून येणार, तू त्यांना तिथून पुढे नेणार. मला या जमवाजमवीत काहीच काम उरत नाही, मी काचा पुसेन.

कॅमेरा आणू नकोस. कप आमच्याकडे आहेत. कपाट एकच आहे आणि पुस्तकं रंगांप्रमाणे लावलेली नाहीत. त्यांच्या त्या चावण्याच्या वाक्याबद्दल ते काही बोलणार नाहीत, तूही तुझ्या पंपाच्या वाक्याबद्दल बोलू नकोस. मी पोळ्या घेऊन उभी राहणार नाही या वेळी, बसेन.

तू राग धरलास त्याचं मला काही वाटत नाही. मलाही तुझा आहे, पुरून उरेल एवढा. पण तो आल्यावर काढू, तो काही कुठे जात नाही. त्यांची गोष्ट वेगळी आहे. परवा ते माझं नाव विसरले, सकाळी, थोडा वेळच. 'ताई' म्हणून हाक मारली आणि वेळ मारून नेली. तुझ्या वाचकांसारखी.

शेवटची ओळ मी तुझ्या पद्धतीने लिहिली होती, तुला टोचावी म्हणून. बाबांनी पत्र मागितलं. तक्त्याशेजारी बसून सगळं वाचलं, शिव्यांसकट, तिथे त्यांचे डोळे जास्तच उड्या मारत होते. शेवटाला आले, माझ्या हातातून पेन घेतलं, आणि शेपूट खोडलं. लाल नव्हतं, निळं होतं, पण खोडलं तसंच, एका फटक्यात. शेजारी त्यांनीच लिहिलं आहे. अक्षर हललंय. तुला वाचता येईल.

ताई

<s>ऊद्या</s> उद्या ये.

*ऱ्हस्व आहे, बाळ.*